एनर्जीप्लसमध्ये हीट रिकव्हरी व्हील ऐन जानेवारीत बंद, इकॉनॉमायझरमुळे होतंय का?

नवा_मॉडेलर_पुणे

नमस्कार मंडळी, तीन दिवस एकाच गोष्टीत अडकलोय म्हणून शेवटी इथे विचारतोय. मी पुण्यातल्या एका ऑफिसात एनर्जी मॉडेलिंग करतो, म्हणजे एनर्जीप्लस ह्या सॉफ्टवेअरमध्ये बिल्डिंग किती वीज-गॅस खाईल ते काढतो, आमची बहुतेक कामं अमेरिकेतलीच असतात. सध्याची बिल्डिंग मिनिआपोलिसची, चार मजली ऑफिस, व्हीएव्ही विथ रीहीट (झोनची हवा कमीजास्त करणारे बॉक्स आणि त्यात ती परत तापवणारी कॉइल), गॅस बॉयलर. मिनिमम आउटडोअर एअर ३० टक्के, सप्लाय एअर १३ डिग्री, रिटर्न (खोल्यांतून परत येणारी हवा) साधारण २२ च्या आसपास येते, इकॉनॉमायझर (बाहेर थंड असताना बाहेरचीच हवा जास्त घेऊन चिलर वाचवणारा कंट्रोल) डिफरन्शियल ड्राय बल्ब ठेवलाय.

तिथल्या मेकॅनिकल इंजिनियरने आता एन्थाल्पी व्हील टाकलंय (बाहेर जाणारी हवा आणि आत येणारी हवा ह्यांच्यात उष्णता आणि ओल अदलाबदल करणारं फिरतं चाक), सेन्सिबल इफेक्टिव्हनेस ७५ टक्के, म्हणजे दोन्हींच्या टेंपरेचरमधल्या फरकाचा ७५ टक्के परत मिळतो. मी सेन्सिबल अँड लेटंट वालं हीट एक्स्चेंजर ऑब्जेक्ट आउटडोअर एअर सिस्टिममध्ये टाकलं, फॅनचं प्रेशर २५० पास्कलने वाढवलं आणि रन केलं. गॅस जवळपास होता तेवढाच, फॅनची वीज मात्र वाढली, म्हणजे व्हील लावून बिल्डिंग आणखी वाईट झाली असं रिपोर्टमध्ये दिसतंय. तासातासाचे आकडे काढले तर जानेवारीत बाहेर मायनस २० असताना व्हीलचा सेन्सिबल हीटिंग रेट शून्य, आणि जुलैत दुपारी ३३ डिग्रीला मात्र छान चालतंय. ज्या महिन्यासाठी ते लावलं त्याच महिन्यात ते झोपलंय.

काय काय करून बघितलं ते पण सांगतो. इफेक्टिव्हनेस ८५ केला, काहीच फरक नाही. अव्हेलेबिलिटी शेड्यूल बघितलं, कायम ऑन आहे. मग हीट एक्स्चेंजरमधलं इकॉनॉमायझर लॉकआउट (इकॉनॉमायझरच्या वेळी व्हील बंद ठेवणारं फील्ड) नो केलं, तर व्हील वर्षभर चालू राहिलं आणि जानेवारीत कूलिंग कॉइलवर लोड यायला लागला!! बाहेर बर्फ आणि आत चिलर चालू, हे तर मला पण पटेना म्हणून परत यस केलं. शुक्रवारी सबमिशन आहे आणि आमच्या सरांचं म्हणणं आहे की कॅटलॉगमधून जास्त इफेक्टिव्हनेसचं व्हील निवड, पण मला वाटतंय की गडबड कंट्रोलमध्ये आहे. कोणी सांगेल का कुठे बघू?

---

जुना_डक्टवाला

तुझा अंदाज बरोबर आहे, इफेक्टिव्हनेसला हात लावू नकोस. तुझं कंट्रोलर आउटडोअर एअर हे ऑब्जेक्ट उघड आणि त्यात खाली हीट रिकव्हरी बायपास कंट्रोल टाइप नावाचं फील्ड आहे ते बघ. रिकामं असेल तर डिफॉल्ट लागतो, तो म्हणजे बायपास व्हेन विदिन इकॉनॉमायझर लिमिट्स. ह्याचा अर्थ नीट समजून घे, कारण नावावरून लक्षात येत नाही. इकॉनॉमायझर उघडलाय का हे तो बघतच नाही, तो फक्त विचारतो की बाहेरची हवा इकॉनॉमायझरच्या मर्यादेत बसते का. तू डिफरन्शियल ड्राय बल्ब घेतलायस, म्हणजे मर्यादा एवढीच की बाहेरचं टेंपरेचर रिटर्नपेक्षा कमी हवं. मायनस २० हे २२ पेक्षा कमीच आहे, झालं, बसलं मर्यादेत, व्हील बायपास. डँपर मिनिममला असो, हीटिंग कॉइल फुल्ल चालू असो, त्याला काही देणंघेणं नाही. म्हणून तुझं व्हील फक्त बाहेर आतल्यापेक्षा गरम असतानाच फिरतंय.

दुसरा पर्याय आहे बायपास व्हेन ओए फ्लो ग्रेटर दॅन मिनिमम. तो घेतलास की इकॉनॉमायझरने हवा मिनिममच्या वर न्यायची ठरवली तरच व्हील बायपास होतं, नाहीतर चालू. तुला हाच हवाय. मात्र हीट एक्स्चेंजरमधलं लॉकआउट यसच राहू दे, नो केलंस तर ह्या फील्डला कोणी विचारत नाही.

पण एवढ्यावर थांबू नकोस, कारण तू लॉकआउट नो करून जे बघितलंस, जानेवारीत चिलर, ते परत येईल. जरा कागदावर मांड. बाहेर मायनस २०, रिटर्न २२, मधे ४२ चा फरक, व्हील ७५ टक्के, म्हणजे व्हीलमधून हवा बाहेर पडते ११.५ ला. ती ३० टक्के आणि रिटर्न ७० टक्के मिसळली की मिक्स्ड एअर येते जवळजवळ १९. तुला हवेत १३. आता उरलेले ६ डिग्री कोण काढणार? कूलिंग कॉइल. व्हील चांगलं चालतंय म्हणून चिलर लागतोय. प्रत्यक्ष बिल्डिंगमध्ये असं होत नाही कारण तिथे व्हीलचा वेग कमी करतात किंवा बायपास डँपर थोडा उघडतात. मॉडेलला ते वेगळं सांगावं लागतं. हीट एक्स्चेंजरमध्ये सप्लाय एअर आउटलेट टेंपरेचर कंट्रोल यस कर, आणि व्हीलच्या सप्लाय आउटलेट नोडवर सेटपॉइंट मॅनेजर आउटडोअर एअर प्रीट्रीट लाव. त्याला मिक्स्ड एअर, आउटडोअर आणि रिटर्न हे तिन्ही नोड आणि रेफरन्स सेटपॉइंटचा नोड द्यायचा, मग तो उलटं गणित करून सांगतो की मिक्स्ड एअर बरोब्बर सेटपॉइंटला यायला व्हीलमधून किती डिग्रीची हवा निघाली पाहिजे. सेटपॉइंट न लावता नुसतं कंट्रोल यस केलंस तर एररच येईल.

आता खरी गोष्ट. तुझ्या केसमध्ये ते उलटं गणित हातानेच कर: १३ = ०.७ × २२ + ०.३ × क्ष. क्ष येतो मायनस ८. म्हणजे बाहेर मायनस ८ पर्यंत तुला व्हीलची गरजच नाही, रिटर्न आणि बाहेरची हवा मिसळूनच १३ मिळतात, उलट मायनस ८ च्या वर तर इकॉनॉमायझर आणखी उघडावा लागतो कारण आतल्या झोनना कूलिंग हवं असतं. व्हीलचं काम मायनस ८ च्या खाली सुरू. आणि मायनस २० ला सुद्धा त्याला हवा मायनस २० वरून मायनस ८ लाच आणायची आहे, ४२ पैकी १२, साधारण २९ टक्के. ७५ टक्क्यांचं व्हील घे नाहीतर ८५ चं, लागणार २९ च. म्हणून सरांना सांग की महाग व्हील घेऊन ह्या बिल्डिंगमध्ये काही मिळणार नाही.

---

टोरोंटोतली_सांगलीकर

वरचं सगळं बरोबर आहे, मी कमिशनिंग करते त्यामुळे प्रत्यक्ष मशीनवर हे रोज बघते. दोन गोष्टी अजून बघ.

पहिली फ्रॉस्ट कंट्रोल, म्हणजे व्हीलवर बर्फ साचू न देणं. तू काय ठेवलंयस ते लिहिलं नाहीस. एक्झॉस्ट एअर रीसर्क्युलेशन घेतलं असशील आणि थ्रेशोल्ड टेंपरेचर डिफॉल्ट ठेवलं असशील तर तो १.७ डिग्री असतो, म्हणजे बाहेर १.७ च्या खाली गेलं की मॉडेल डीफ्रॉस्ट सुरू करतं. एन्थाल्पी व्हीलला हे फारच वर आहे, ती व्हील्स त्याच्या बऱ्याच खाली, आतला दमटपणा कमी असेल तर आणखी खाली, गोठतात, आकडा व्हीलवाल्या कंपनीकडूनच घ्यायचा. आता ह्याचा परिणाम बघ. डीफ्रॉस्टचा सुरुवातीचा हिस्सा डिफॉल्ट ०.०८३, म्हणजे तासातली ५ मिनिटं, आणि थ्रेशोल्डच्या खाली प्रत्येक डिग्रीला ०.०१२ वाढतो. मायनस २० ला ते होतं ०.०८३ + २१.७ × ०.०१२ = ०.३४. तासातली २० मिनिटं बाहेरची हवा बंद आणि एक्झॉस्टचीच हवा परत आत! गॅस कमी दिसेल, सगळे खूश होतील, पण तो व्हीलमुळे नाही, माणसांना ताजी हवा दिलीच नाही म्हणून कमी झालाय. मी एका रिव्ह्यूमध्ये हे पकडलं होतं, रिपोर्टमधली निम्मी बचत ह्यातूनच आलेली होती, आणि ते मॉडेल करणाऱ्या मुलाला कोणी सांगितलंच नव्हतं की ते फील्ड काय करतं. म्हणून मला ह्या गोष्टीचा एवढा आग्रह आहे.

दुसरी गोष्ट, कंट्रोलर आउटडोअर एअरमध्येच मिनिमम लिमिट टाइप असतं. डिफॉल्ट प्रोपोर्शनल मिनिमम. म्हणजे व्हीएव्ही बॉक्स बंद होत होत सप्लाय ६० टक्क्यांवर आली की बाहेरची हवा पण त्याच प्रमाणात कमी, ३० टक्के ते ३० टक्केच. पण माणसं तर तेवढीच बसलीत ना आत? डिझाइन इंजिनियरने लिटर पर सेकंदमध्ये आकडा दिला असेल तर फिक्स्ड मिनिमम कर. मग सप्लाय ६० टक्क्यांवर असताना बाहेरच्या हवेचा वाटा ५० टक्के होतो आणि डक्टवाल्या दादांचं गणित बदलतं: १३ = ०.५ × २२ + ०.५ × क्ष, क्ष = ४. मायनस ८ वरून थेट अधिक ४! मिनिआपोलिसला जानेवारीचा सरासरी पाराच मायनस ९ च्या आसपास असतो, म्हणजे एका हिशोबात सरासरी जानेवारीतल्या तासाला व्हीलला जेमतेम काम आणि दुसऱ्या हिशोबात डिसेंबर ते फेब्रुवारी बहुतेक सगळे तास काम. बिल्डिंग तीच, व्हील तेच. फक्त हे करताना बेसलाइनमध्ये, म्हणजे तुलनेच्या मॉडेलमध्ये, पण करायचं, नाहीतर तुलना खोटी.

---

नवा_मॉडेलर_पुणे

दादा, ताई, दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री बसून सगळं केलं. बायपासचं फील्ड खरंच रिकामं होतं, आमच्या ऑफिसच्या टेंप्लेटमध्येच रिकामं आहे, म्हणजे मागच्या किती प्रोजेक्टमध्ये असं गेलं असेल ह्या विचाराने झोप नाही लागली.

बदललं, प्रीट्रीट सेटपॉइंट मॅनेजर लावला, रन केलं. जानेवारीतला एक थंड दिवस उघडून तासातासाने बघितला, बाहेर मायनस २०, व्हील चालू, कूलिंग कॉइल शून्य, हीटिंग कॉइल पण शून्य. स्क्रीनकडे बघत बसलो नुसता. फ्रॉस्ट कंट्रोल माझं 'नन' (काहीच नाही) असं होतं, ते तसंच ठेवलंय आणि इंजिनियरला मेल टाकलाय व्हीलच्या आकड्यासाठी.

पण एक शंका आहे. व्हीलमधून हवा मायनस ८ ला यायला हवी होती ना, माझ्याकडे मायनस ११ च्या जरा खाली येतेय, आणि इकॉनॉमायझर पण मायनस ११ पर्यंत मिनिममच्या वर उघडा राहतोय. प्रोपोर्शनल मिनिमम अजून बदललेलं नाही, सगळं ३० टक्क्यांवरच आहे. माझं काही चुकलंय का? आणि गॅस थोडाच कमी झालाय, अपेक्षा होती त्यापेक्षा खूपच कमी.

---

जुना_डक्टवाला

काही चुकलेलं नाही. फॅन ड्रॉ थ्रू आहे ना तुझा, कॉइलच्या पुढे? फॅनची मोटर आणि पाती हवेला साधारण १ डिग्री तापवतात, तुझ्यासारखं ७५० पास्कल आणि ६० टक्के एफिशियन्सी धरली तर १ च्या आसपासच येतं. 'सेटपॉइंट मॅनेजर मिक्स्ड एअर' हे ऑब्जेक्ट फॅनचं ते १ डिग्री वजा करून मिक्स्ड नोडला १२ मागतं. आता १२ = ०.७ × २२ + ०.३ × क्ष कर, क्ष येतो मायनस ११.३. मी काल फॅन विसरलो, मॉडेल विसरलं नाही. आकडा असा हाताने जुळला की मनाला खात्री वाटते, म्हणून मी प्रत्येक मॉडेलमध्ये एक तास निवडून कागदावर करतोच.

गॅसचं म्हणशील तर तो कुठे जळतोय ते बघ. एएचयूची (मुख्य एअर हँडलिंग युनिटची) हीटिंग कॉइल आणि झोनची रीहीट कॉइल वेगवेगळी काढ. मला वाटतं बहुतेक गॅस रीहीटमध्ये आहे. १३ ची हवा खिडकीजवळच्या झोनमध्ये नेऊन तिथे ती परत तापवायची, आणि व्हील तर एएचयूच्या तोंडाशी बसलंय, त्याचा रीहीटपर्यंत हात पोचत नाही. तो पोचवायचा असेल तर थंडीत सप्लाय एअरचं टेंपरेचर वर घ्यायला लागतं. सप्लाय एअर टेंपरेचर रीसेट लाव, समज १६ पर्यंत. मिक्स्डला १५ लागतील, क्ष येतो मायनस १.३. म्हणजे मायनस ११ ते मायनस १ हा मिनिआपोलिसच्या हिवाळ्याचा केवढा मोठा पट्टा व्हीलच्या ताब्यात आला बघ, आणि रीहीटला प्रत्येक तासाला ३ डिग्री कमी तापवायला लागतात. आतल्या झोनना मात्र १६ च्या हवेने थंड करायला जास्त हवा लागेल, फॅन वाढेल, ते पण मोजायचं, लपवायचं नाही. पण हा बदल आधी इंजिनियरला विचार, त्याच्या सीक्वेन्समध्ये रीसेट नसेल तर आपण मॉडेलमध्ये परस्पर घालायचा नाही.

---

दादरचा_एनर्जीवाला

चर्चा वाचून राहवलं नाही. एक विनंती, हे टेंप्लेट सुधारल्यावर तेच उचलून इकडच्या प्रोजेक्टला लावू नका. पुण्याच्या एका ऑफिसच्या मॉडेलमध्ये कोणीतरी परदेशी टेंप्लेटमधला डिफरन्शियल ड्राय बल्ब तसाच ठेवला होता. जुलैतली पुण्याची हवा आठवा, २३.५ डिग्री, ९० टक्के ह्युमिडिटी, भिंतीला हात लावला तर ओल. रिटर्न २४ डिग्री, ५० टक्के. ड्राय बल्ब म्हणतो बाहेर अर्धा डिग्री थंड आहे, उघडा दरवाजे. एन्थाल्पी (उष्णता आणि ओल मिळून हवेतली एकूण ऊर्जा) काढली, पुण्याची ५६० मीटर उंची धरून, तर बाहेरची ६८ किलोज्यूल पर किलोच्या पुढे आणि रिटर्नची ५० सुद्धा नाही. १०० टक्के ओली हवा आत घेऊन कॉइलवर पाणी काढत बसलं होतं ते मॉडेल, आणि बरोबर त्याच वेळी एन्थाल्पी व्हील बायपास, जे ती ओल बाहेरच अडवू शकलं असतं.

इकडे फिक्स्ड ड्राय बल्बबरोबर एन्थाल्पीची मर्यादा पण लावा, दोन्ही पास झाले तरच उघडायचा. पुण्यात इकॉनॉमायझरला जागा आहे हो, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या रात्री कोरड्या आणि थंड असतात, पहाटे १० ते १२ डिग्रीपर्यंत उतरतं, आणि हिंजवडी-खराडीला रात्रपाळीची ऑफिसं भरलेली असतात. त्या तासांना चिलर बंद ठेवता येतो. मुंबईत मात्र नाद सोडा, ईसीबीसी २०१७ ने (भारताच्या बिल्डिंग ऊर्जा-बचत कोडने) सुद्धा वॉर्म ह्युमिड झोनला इकॉनॉमायझरच्या सक्तीतून वगळलंय, तिथे व्हील वर्षभर फिरू दे आणि लेटंट, म्हणजे ओलीच्या, इफेक्टिव्हनेसकडे लक्ष द्या, सेन्सिबलकडे नंतर.

---

टोरोंटोतली_सांगलीकर

दादरकरांना अनुमोदन, फक्त ह्युमिडिटी सेन्सर प्रत्यक्षात लवकर वाहवतात, साइटवर मी आकडा १० टक्क्यांनी चुकलेला सेन्सर बघितलाय, म्हणून ड्राय बल्बची मर्यादा जोडीला पाहिजेच. मिनिआपोलिस हवामान झोन ६ए मध्ये येतं, तिथे अॅश्रे ९०.१ ह्या अमेरिकन ऊर्जा स्टँडर्डप्रमाणे फिक्स्ड ड्राय बल्ब घेतलास तर २१ डिग्री, तुझा डिफरन्शियल पण चालतो.

आणि नव्या मॉडेलर, एक राहिलंच. तू २५० पास्कल फॅनला कायमचे लावलेस. बायपास झालं तरी एनर्जीप्लसच्या फॅनला ते कळत नाही, तो वर्षभर तेवढंच प्रेशर ओढतो, कारण हीट एक्स्चेंजर ऑब्जेक्टमध्ये प्रेशर ड्रॉप नसतोच. तुझी वाढलेली वीज त्यातलीच आहे. ड्रॉइंगमध्ये बघ व्हीलला बाजूने बायपास डँपर आहे का. असेल तर ते जास्तीचे वॉट फॅनमधून काढून हीट एक्स्चेंजरच्या नॉमिनल इलेक्ट्रिक पॉवरमध्ये व्हीलच्या मोटरबरोबर टाक, तिथली वीज व्हील चालू असतानाच मोजली जाते. नसेल तर इकॉनॉमायझरची सगळी हवा त्या व्हीलमधूनच जाणार, मग २५० पण कमी पडतील आणि हे इंजिनियरला आजच कळवायला पाहिजे.

---

नवा_मॉडेलर_पुणे

ड्रॉइंग उघडलं. एएचयूच्या सेक्शनमध्ये व्हीलच्या वर बायपास डँपर दाखवलाय, दोन ब्लेडचा, बाजूला मॉड्युलेटिंग असं लिहिलंय. म्हणजे फॅनमधून काढून तिकडे टाकतो. सीक्वेन्सच्या पानावर सप्लाय एअर रीसेट पण सापडला, १३ ते १६, बाहेरच्या टेंपरेचरवर, तो आमच्याकडून मॉडेलमध्ये घालायचाच राहिला होता. मिनिमम आउटडोअर एअर पण लिटर पर सेकंदमध्ये दिलाय, बेसलाइन आणि प्रपोज्ड दोन्हीकडे फिक्स्ड करतोय. रीहीट वेगळं काढलं, दादा म्हणाले तसंच, एएचयूची कॉइल त्याच्या पुढे काहीच नाही.

सरांना मायनस ११.३ चं गणित कागदावर करून दाखवलं. त्यांनी तो कागद ठेवून घेतला आणि टेंप्लेटमधलं फील्ड भरायला सांगितलं. आता रन लावलाय, सोमवारपासून जुन्या तीन प्रोजेक्टच्या फाइल उघडून तेच फील्ड बघणार आहे.